सोडलं की थांबतं

ठिपके टाचणीच्या डोक्याहून लहान होते. लाल, एकमेकांना न चिकटलेले, आणि फक्त हाताच्या खालच्या बाजूला, जो भाग आसनाला टेकला होता तेवढ्यावरच. बोटाने दाबलं तरी त्यांचा रंग फिका होत नव्हता. वरची कातडी स्वच्छ होती. तिने बाही वर सरकवून हात दोन्हीकडून नीट पाहिला आणि चालक बाईंना विचारलं, "हे असंच राहणार का?"

"जातील काही दिवसांत," चालक बाई म्हणाल्या. फिरतं यंत्र त्याच चालवत. "वेग वाढला की रक्त मागच्या बाजूला ढकललं जातं, कातडीखालच्या बारीक नळ्या फुटतात. इथे येणाऱ्या पुष्कळांना होतं. काळजीचं काही नाही."

तिचा नवरा शेजारीच उभा होता. तोही वाकून ते ठिपके बघत होता.

नवऱ्याला सगळे शेठ म्हणत. त्याचं टायरचं दुकान होतं. टायर कंपनीने सोडत काढली, तिच्यात शेठचा नंबर लागला आणि बक्षीस मिळालं ते अंतराळाच्या सहलीचं. एक जागा दुकानदाराला, एक सोबतच्या माणसाला. यान सरळ वर जाणार, काही मिनिटं माणसाचं वजन हरपणार, खिडकीतून पृथ्वीचा बाक दिसणार आणि यान खाली येणार. त्याआधी प्रत्येक प्रवाशाने या केंद्रात येऊन तीन वेळा फिरत्या यंत्रात बसायचं होतं. शेठने दुकानावर मोठा फलक लावला. फलकावर दोघांचे फोटो होते, डोक्याला शिरस्त्राणं चिकटवलेली.

फलकाखाली रोज गप्पा रंगायच्या.

"वर पंक्चर काढायला कुणी मिळेना वाटतं, म्हणून शेठला बोलावलं," एक ट्रकवाला म्हणायचा.

"मला कुणी फुकट नेलं तरी जायचा नाही मी," समोरचा न्हावी म्हणायचा. "पाळण्यात बसलो तरी पोटातलं वर येतं माझ्या."

"मी जाईन की," शाळेतली शिपाईबाई म्हणाली. "फक्त परत आणू नका म्हणावं. एवढं लांब जाऊन परत कशाला यायचं?"

सगळे हसायचे. मग कुणीतरी तिच्याकडे वळायचं. "वहिनी, तुमचं काय?"

ती दुकानात चाकांचा तोल साधायचं काम करायची. चाक यंत्रावर फिरवायचं, ते कुठे थरथरतं ते बघायचं आणि कडेला शिशाचा छोटा तुकडा ठोकायचा. कामावरून नजर न काढता ती म्हणायची, "बघू."

"ती कसली जातेय," शेठ म्हणायचा. "घाबरट आहे. लिफ्टमध्ये डोळे मिटते."

लिफ्टमध्ये डोळे मिटायचा तो.

केंद्रातलं यंत्र म्हणजे एक लांब लोखंडी बाहू होता आणि त्याच्या टोकाला माणूस आडवा बसेल एवढी कुपी. चालक बाई काचेपलीकडच्या खोलीत बसत. त्यांचा एक नियम होता. यंत्र सुरू करण्याआधी त्या ध्वनिक्षेपकावरून विचारत, "जायचंय?" मान हलवलेली चालत नसे. शब्द ऐकू यावा लागे, आणि तोही आत बसलेल्या माणसाच्याच तोंडून. मग त्या माणसाने मुठीत एक बटण दाबून धरायचं. ते दाबलेलं असेपर्यंत यंत्र फिरणार.

"सोडलं की थांबतं," चालक बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "का सोडलं, ते आम्ही विचारत नाही."

त्या पहिल्या दिवशी आधी शेठ बसला होता. ती बाहेरच्या पडद्यावर त्याचा चेहरा बघत होती. बाहूने वेग घेतला तसे त्याचे गाल कानांकडे ओढले गेले, ओठ दातांवरून सरकले, आणि ज्या तोंडून तिने बहुतेक हुकूमच ऐकले होते त्यातून बारीक, लहान मुलासारखा आवाज आला. "आई गं." लगेच मूठ उघडली. यंत्र थांबलं.

"बटण सैल आहे तुमचं," बाहेर येताना तो म्हणाला.

चालक बाईंनी बटण तपासलं. ते ठीक होतं. शेठ त्यांच्याकडे बघतच नव्हता, तो बायकोकडे बघत होता. तिने नजर खाली वळवायला क्षणभर उशीर केला.

मग ती बसली. आधी छातीवर कारचं चाक ठेवल्यासारखं वाटलं, मग ट्रकचं. श्वास पोटातून खेचून घ्यावा लागला. डोळ्यांच्या कडा करड्या झाल्या. पण प्रत्येक वेळी भार वाढण्याआधी चालक बाईंचा आवाज यायचा. "आता आणखी थोडं वाढेल. आता सगळ्यात जास्त. आता उतरतंय." असा आधी सांगून येणारा भार तिला आजवर माहीत नव्हता. आणि बटण तिच्या मुठीत होतं. ते तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

पट्टे सोडवून घेताना तिने विचारलं, "वर वजन नसतं, मग वर मार लागत नाही का?"

चालक बाई थांबल्या. "वजन जातं. वस्तूचं वस्तुमान तेवढंच राहतं. फेकून मारली तर लागतेच." मग हळूच म्हणाल्या, "का हो?"

"सहज," ती म्हणाली, आणि हातावरचे ठिपके बघू लागली.

तोपर्यंत शेठ मारायचा ते कपड्यांखाली झाकलं जाईल असं. पाठीवर, मांड्यांवर, डोक्यावर केसांमध्ये. त्या संध्याकाळी दुकानाचं शटर खाली आल्यावर त्याने तिचा दंड धरला, पिळला आणि तिला चाकांच्या चळतीवर फेकलं. वरचं चाक तिच्या खांद्यावर आदळलं. ती उठू लागली तशी त्याने लाथ घातली.

"बघत होतीस ना? मजा वाटली?"

"मी काही बोलले का?"

"बोलून बघ." त्याने पाचही बोटांनी गळा आवळला. "आता डाग पडले तरी कोण विचारतंय? मशीनचे आहेत म्हणायचं. त्या बाईनेच सांगितलंय."

धाकटा दीर बाहेर होता. त्याने हवा भरायचा पंप सुरू केला. गिऱ्हाईक नसतानाही तो पंप अशा वेळी चालू व्हायचा.

दुसऱ्या खेपेला शेठची मूठ आणखी लवकर उघडली. तिची उघडली नाही. घरी येताना त्याने गाडीत सगळं ठरवून टाकलं. तिने 'मला भीती वाटते' असं म्हणायचं. मग तो गल्लीत सांगणार, बायकोला इथे रडत सोडून मी कसा जाऊ? फलक उतरेल, मान खाली जाणार नाही.

"आणि तुम्ही नाही गेलात, पण मी गेले तर?" तिने विचारलं.

त्याने गाडी न थांबवता उलट्या हाताने तिच्या तोंडात मारली. दात ओठात रुतला. तिने रक्त गिळलं.

घरी सासूबाईंनी ओठाकडे पाहिलं आणि बर्फ आणून दिला. "म्हणून टाक ना एकदाचं, भीती वाटते म्हणून," त्या म्हणाल्या. "बाईमाणसाला भ्यायला कसली लाज? त्याला नाही तसं म्हणता येत."

"तुम्ही गेला असतात, आई?"

सासूबाईंनी बर्फाचं भांडं उचललं. "मला कुणी विचारलं असतं तर ना," असं म्हणून त्या आत गेल्या.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी शटर पुन्हा लवकर खाली आलं. टायर सोडवायची लोखंडी टॉमी शेठच्या हातात होती.

"उद्या काय म्हणायचं?"

ती चाकाच्या कडेला शिशाचा तुकडा लावत होती. तिलाही अजून ठाऊक नव्हतं. घाबरले म्हटलं तर मार थांबेल, असं एक मन म्हणत होतं. पण मार थांबायला तिने आजवर जे जे म्हटलं होतं, त्यातल्या कशानेही तो थांबला नव्हता.

"बघू," ती म्हणाली.

बाहेर पंप सुरू झाला. शेठने तिचं मनगट पकडून लोखंडी कडेवर दाबलं. तिने हात ओढला, त्याच्या पोटात कोपर मारलं, तो कळवळला, पण हात सुटला नाही. टॉमी खाली आली. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध फुटलं. आधी नखाखाली काळं रक्त साकळलं, मग कडेने लाल बाहेर आलं. कळ खांद्यापर्यंत गेली आणि ती जमिनीवर बसली.

"आता दाब बटण," शेठ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली.

"मागच्या वेळी मशीनमध्ये लागलं," शेठ म्हणाला. "मी काही तक्रार करणार नाही, डॉक्टर. फक्त ती आता घाबरलीय."

डॉक्टरांनी बाही वर केली. हाताच्या खालच्या बाजूचे ठिपके पुसट झाले होते. दंडावर मात्र चार लांबट निळे डाग होते, आणि पाचवा त्यांच्या उलट बाजूला. गळ्यावरचे पिवळट पडले होते.

"यंत्राला बोटं नसतात, शेठ," डॉक्टर म्हणाले. "आणि ही जखम कालची आहे. तुम्ही बाहेर बसा."

"माझी बायको आहे."

"मी पेशंटबद्दल बोलतोय. बाहेर."

क्ष-किरणांत हाड शाबूत दिसलं. डॉक्टरांनी अंगठा बांधला. "आजचं पुढे ढकलू का? आणि पोलिसांना कळवू?"

तोंडात आलेला शब्द तिने क्षणभर धरून ठेवला. "बघू," ती म्हणाली. "बटण डाव्या हातात घेतलं तर चालेल?"

"चालेल. डावखुरी माणसं येतातच की इथे." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "मी रखवालदाराला वर पाठवतो."

कुपीपर्यंत जाणाऱ्या जिन्यावर शेठ उभा होता. तिच्या डाव्या हाताकडे बघत तो पुटपुटला, "सगळ्यांना ऐकू जाईल असं 'नाही' म्हणायचं. नाहीतर आज घरी दुसरा अंगठा."

मग तो काचेच्या खोलीत जाऊन चालक बाईंच्या मागे उभा राहिला. सोबत आलेल्या माणसाला तिथे थांबता यायचं.

ती आडवी बसली. छातीवरचे पट्टे आवळले गेले. पोलादी दार लागलं, बाहेरून कडी फिरल्याचा आवाज आला. आत फक्त एक दिवा, एक कॅमेरा आणि एक ध्वनिक्षेपक. बटण डाव्या मुठीत होतं. उजवा अंगठा नाडीबरोबर ठणकत होता.

"जायचंय?" चालक बाईंचा आवाज आला.

तिने तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही.

"नाही म्हणतेय ती," मागून शेठचा आवाज आला. "घाबरलीय. उघडा दार."

"मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

"मी सांगतोय ना! सरक, ए बाई—"

खुर्ची पडली. थप्पड बसल्याचा आवाज झाला, मग दुसऱ्या थपडेचा, आणि चालक बाई ओरडल्या. काही तरी जड वस्तू काचेवर आदळली, काच फुटून खाली सांडली. ध्वनिक्षेपक चालूच होता. "बाहेर काढा तिला! जीव घेतो, आज जीवच घेतो तिचा!" जिन्यावर बूट वाजले. झटापट, शिव्या, कुणाचं तरी डोकं टेबलावर आपटल्याचा आवाज. मग शेठ कण्हला, आणि रखवालदाराचा दमलेला आवाज आला, "हात मागे. मागे म्हटलं ना."

ती निश्चल पडून ऐकत होती. हा राग ती आजवर फक्त आतून ओळखत होती, अंगावर येणारा, श्वासाच्या वासासकट. आज तो पोलादाच्या पलीकडे होता. बाहेर उभ्या असलेल्या दिराला तो रोज असाच ऐकू येत असणार. म्हणूनच तो पंप चालू करायचा. इथे पंप नव्हता. सगळं सगळ्यांना ऐकू जात होतं.

बराच वेळ फक्त धापा ऐकू आल्या.

"मी आहे," चालक बाई म्हणाल्या. त्यांचा ओठ फुटला असावा, शब्द ओले येत होते. "दार बंदच आहे. इथे कुणी हात लावू शकत नाही तुम्हाला. आज नको असेल तर नको म्हणा, मी उघडते. पण विचारावं लागतं मला." त्या खोकल्या. "जायचंय?"

तिने बटणावरचा डावा अंगठा सैल केला, पुन्हा नीट ठेवला, आणि पट्ट्यांखाली जेवढा मावेल तेवढा श्वास घेतला.

"जायचंय," ती म्हणाली. "आणि खाली आल्यावर त्याच्या घरी जायचं नाही. पोलिसांना बोलवा."