नाकाडोंगरीकडचा पिवळा पट्टा

मनालीने नकाशा एकटीने केला होता आणि तो झकास झाला होता, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. रतनजोतीच्या बियांपासून डिझेल काढायचं खूळ तेव्हा जोरात होतं. मनालीच्या कंपनीला रतनजोत लावायला तुमसर तालुक्यातली कोरडवाहू पडीक जमीन हवी होती. मार्चमधलं उपग्रहाचं चित्र समोर घेऊन तिने पडीक ते पिवळं रंगवलं, जंगल ते हिरवं. नाकाडोंगरीच्या अलीकडे एक काळा, उघडाबोडका पट्टा सापडला तेव्हा तर स्वारी एकदम खूश. तोही तिने पिवळा रंगवला; एवढा सलग तुकडा दुसरीकडे नव्हताच. साहेब चंद्रकुमार म्हणाले, हा पट्टा जमला की तुझी नोकरी पक्की.

जूनमध्ये खड्डे खणण्याआधी ती जागा बघायला गेली आणि पिवळ्या पट्ट्यात पाऊल टाकलं ते गर्द सावलीत. डोक्यावर मोहाची झाडंच झाडं. खाली गावातली ललिताबाई टोपलीत टोरी, म्हणजे मोहाच्या बिया, वेचत होती. कोणतं झाड कोणत्या घराचं हे आजे-पणजांपासून ठरलेलं आहे, असं तिने सांगितलं. टोरीचं तेल निघतं, हे मात्र मनालीला सांगावं लागलं नाही.

तिचं तोंड उतरलं. फागुनात मोहाची पानं गळतात. फुलं वेचायला जमीन साफ हवी म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळतात. आई वच्छलाबरोबर असाच पाला जाळत ती लहानाची मोठी झाली होती, आणि तीच राख तिने पडीक म्हणून रंगवली होती. स्वतःचा एवढा राग तिला कधी आला नव्हता. पण राग धरून बसणाऱ्यांतली ती नव्हे. नकाशात हिरवी दिसणारी मागची मुरमाड टेकडी ती चढून गेली. तिथे जंगलाचं नाव नव्हतं, नुसती बारमाही हिरवी टणटणीची झुडपं. गुरंही त्यांना तोंड लावत नाहीत. टेकडी पट्ट्याच्या निम्मीही नव्हती, पण होती ती खरोखर पडीक.

भंडाऱ्याला परतून तिने नवा नकाशा साहेबांपुढे ठेवला. साहेब भडकले. टेकडीने काय भागणार, असं म्हणाले. आणि त्या पट्ट्याला लिहायचं तरी काय? जंगल नाही, शेत नाही.

"शेतच हाये सर," मनाली म्हणाली.

"पेरलं कोणी?"

"पेरलं नाही, राखलं. तेलाचंच पीक हाये ते. तेल पायजे म्हणून आपण तेच तोडून राहिलो."

साहेबांनी जुना नकाशा पुढे सरकवला. यावर सही कर आणि सोमवारी नेमणुकीचं पत्र घेऊन जा, असं शांतपणे सांगितलं.

मनालीने पेन उघडलं आणि नव्या नकाशावर सही केली.

"हा पाठवा सर. नोकरी मी दुसरी पाहीन. नकाशा काढता येते मले."