लुएलामावशीची साक्ष

“त्या पोराला आधी मक्ताक द्या. उपाशी माणसाला ऐकू येत नाही,” लुएलामावशी माइकमध्ये म्हणाली.

शाळेच्या व्यायामशाळेत हशा पिकला. दुभाष्याच्या टेबलावरून हेस्टरने ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. अँकरेज शहरातून आलेल्या तरुण सरकारी साहेबाने व्हेलच्या कातडीचा तो चरबीदार तुकडा तोंडात टाकला आणि तो चावतच राहिला.

“दात स्वतःचेच ना रे?” मावशीने विचारलं. हेस्टरने तेही सांगितलं.

सुनावणी सरकारी होती. गावासमोरच्या समुद्रात कंपनीला तेलासाठी विहीर खोदायची होती, तीही नेमकी व्हेलच्या वाटेवर. अशा सुनावण्यांत हेस्टर कितीतरी वर्षं दुभाषी म्हणून बसत आली होती. म्हातारी माणसं आपली इनुपिआक भाषा बोलत, साहेब इंग्रजी. बोलणारा ‘मी’ म्हणाला की तीही ‘मी’च म्हणे. पदरचं काही घालत नसे, काही गाळत नसे.

सकाळी तिचा मुलगा नोलन स्वयंपाकघरात घुटमळत होता. तो कंपनीच्या बोटीवर कामाला होता.

“आई, मावशीआजी तोंडाला येईल ते बोलेल. तू जरा मऊ करून सांग ना. तिथे माझे मुकादम बसणार आहेत.”

“मऊ करायला ते काय बुटाचं कातडं आहे?”

“आणि माझं काम गेलं तर?”

तिने त्याच्यापुढे कॅरिबू हरणाच्या सुपाचा वाडगा सरकवला. तो न जेवताच गेला.

आता तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता.

मावशी थट्टा संपवून सरळ बसली. “व्हेलला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं. आम्ही बर्फावर पाऊलसुद्धा जपून टाकतो. मग यांची जहाजं आली, पाण्यात बार उडवून तळ तपासायला. व्हेल किनारा सोडून लांब गेले. आमच्या होड्याही त्यांच्यामागे लांब गेल्या.”

हेस्टर सांगत गेली. पुढे काय येणार हे तिला कळलं आणि तिचे हात टेबलाखाली गेले.

“त्या शरदात वारा फिरला. एक होडी उलटली. माझा भाचा परत आला नाही.”

मावशी थांबली. भाषांतरासाठी नेहमीच थांबायची, तशीच. पण तिने हेस्टरकडे पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही. एका बाईने रडू लागलेलं मूल छातीशी घट्ट धरलं.

“माझा भाचा,” हेस्टर इंग्रजीत म्हणाली. तिने वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. “माझा भाचा परत आला नाही.”

“आम्ही समुद्रावर बर्फ धरेपर्यंत किनाऱ्यावर शोधलं. त्याची बायको रोज यायची. तिला घरी जा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.”

“त्याची बायको रोज यायची,” हेस्टर म्हणाली. “तिला घरी जा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.”

ती एकही शब्द न वगळता शेवटपर्यंत गेली. साहेबाने चावणं केव्हाच थांबवलं होतं.

“नोंदीसाठी त्यांचं नाव मिळेल का?” त्याने हळूच विचारलं.

हेस्टरने वळून मावशीला विचारलं, “तुमच्या भाच्याचं नाव काय?”

म्हातारीचे ओठ हलले. “तूच सांग, बाळ.”

“एल्डन कैयान.”

“आडनाव के-ने सुरू होतं?”

“क्यू-ने. आणि पुढे यू नाही.” तिने एकेक अक्षर सांगितलं. साहेबाने ते परत वाचून दाखवलं. तिने एक दुरुस्त केलं.

त्याने मान वर केली. “तुम्ही ओळखत होता त्यांना?”

इतक्या वर्षांत या टेबलापाशी तिला स्वतःला कोणी काही विचारलं नव्हतं. तिने तो प्रश्नही आधी म्हाताऱ्यांसाठी इनुपिआकमध्ये सांगितला. मागे नोलनने वडिलांसाठी डोक्यावरची टोपी काढली.

“हो,” ती म्हणाली. आधी आपल्या भाषेत, मग त्याच्या. “पुढच्या माणसाला बोलवा.”