मेलेल्यांचा मॅनेजर

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवरा सुट्टीभर कॉम्प्युटर गेममध्ये बेसबॉल संघाचा मॅनेजर व्हायचा. सीझन शंभर वर्षांपूर्वीचा, खेळाडू झाडून सगळे वर गेलेले, आणि हा त्यांना आराम द्यायचा!

शेवटी बाईंनी अट घातली, "या सीझनला हरलात, तर ही खोली माझ्या आईची."

पठ्ठ्याने मुद्दाम त्या वर्षी खरोखर अजिंक्य ठरलेला संघ घेतला. मग शहाणपण उतू गेलं. सगळ्यात तगड्या फटकेबाजालाच बाकावर बसवलं. "डावखुऱ्या गोलंदाजापुढे ढेपाळतो तो," म्हणे! वरती स्वर्गात त्या फटकेबाजाने कपाळावर इतक्या जोरात हात मारला, की खिडक्या हादरल्या.

संध्याकाळपर्यंत संघ तळाला.

"नशीब हो त्यांचं," बाई आईची गादी आत ओढत म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही जन्मला नव्हतात."