पाणी मारायचे राहिलेले घर

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, मला हात लावायला याल तर बोटाला काचच लागेल. मी मोबाईलमधल्या खेळातला दरवाजा आहे. मला सुताराने रंधा मारलेला नाही. मला बिजागरी नाही, कडी नाही. तरी उघडताना मी चांगला करकरतो, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. आज माझा शेवटचा दिवस आहे, म्हणून जे सांगायचे ते आजच सांगून घेतो.

आमचा खेळ समजायला सोपा आहे. रिकाम्या हाताने रानात उतरायचे, झाडे तोडायची, दगड फोडायचे आणि अंधार पडायच्या आत घर बांधायचे. जिथे दिवा नाही तिथे हिंस्र श्वापदे निघतात. जगायचे असेल तर चार भिंती, छप्पर आणि दरवाजा लागतोच. म्हणजे मी लागतोच.

मला बनवले बुद्धप्रियाने. ती तेव्हा पाचवीत होती आणि घरात तिला पिऊ म्हणत. सोलापुरात दोन भाड्याच्या खोल्यांत ती आईवडिलांबरोबर राहायची. तिचे वडील दिपकराव गवंडी होते. अर्धे सोलापूर मीच उभे केले, असे ते थट्टेने म्हणत. स्वतःचे घर मात्र वळसंग गावातल्या जागेवर जोत्यापर्यंत येऊन थांबले होते, कारण एके दिवशी बांधकामाच्या परांचीवरून पडून त्यांचे कंबरेचे हाड मोडले आणि त्यांनी खाट धरली. मोबाईल त्यांचाच होता. शाळा सुटली की पिऊ त्यांच्या उशाशी बसून खेळायची आणि ते पडल्या पडल्या बघायचे.

दोन दिवस त्यांनी नुसते बघितले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला गवंडी गप्प बसेना.

“आगं पिऊ, दार मधोमध कुटं लावतीस? पलंग कुटं ठेवशील मग? एका अंगाला घे की.”

तिने मला उचलून एका अंगाला बसवले. मग माझ्यापुढे उंबरा आला. खेळात उंबऱ्याचा काडीचा उपयोग नाही, पण “उंबऱ्याबिगर घर नसतंय, गोडाऊन असतंय ते” असे दिपकरावांनी सांगितल्यावर कोण काय बोलणार? पूर्वेला खिडकी झाली. आत बुद्धमूर्तीसाठी कोनाडा झाला. खेळात मूर्ती मिळेना, तेव्हा पिऊने तिथे एक पिवळे फूल ठेवले. चूल आली, सामानाची पेटी आली, तीन पलंग आले. पिऊची आई शालनबाई टॉवेलच्या कारखान्यातून दमून यायची आणि पदराने तोंड पुसत मोबाईलमध्ये डोकवायची. “मोरी कुटं हाय ह्यात? मोरी न्हाय तर मी न्हाय येणार ऱ्हायला,” ती म्हणाली. मग मोरीही झाली. अंगणात चिंगी नावाची शेळी आली. वळसंगच्या जोत्यावर जे घर उठायचे होते तेच हे, असे मला त्या तिघांच्या बोलण्यातून कळले. ते माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते.

घर पुरे झाले त्या संध्याकाळी दिपकरावांनी विचारले, “आता पाणी कोण मारणार?”

मित्रांनो, नव्या बांधकामावर रोज पाणी मारावे लागते. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होते. नाही प्यायले तर भिंतीला तडे जातात.

“पप्पा, हितं भिंती वाळत न्हाईत,” पिऊ हसत म्हणाली.

“भिंत ती भिंत. प्याली पायजे.”

तिने ते हसण्यावारी नेले. पण जन्मभराची सवय सुटते थोडीच! दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर दिपकरावांनी मोबाईल घेतला, पेटीतली बादली काढली, ओढ्यातून भरली, आणि छपरावर चढून भिंतीवर ओतली. त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. खेळातले पाणी एकदा ओतले की थांबत नाही. ते भिंतीवरून उतरले, उंबरा ओलांडला आणि आत शिरले. जमिनीलगतचे दिवे एकेक करून वाहून गेले. दिपकराव अंगठ्याने इकडेतिकडे दाबत राहिले, पण पाणी काही थांबेना. खेळातला दिवस मावळला, अंधाऱ्या घरात श्वापदे निघाली, पूर्वेची भिंत फुटली आणि चिंगी मेली. दोष माझाही होता. मी उघडा होतो.

पिऊने शाळेतून येऊन ते पाहिले आणि ती रडत ओरडली, “खरं घर तर बांधलं न्हाई, आन् माजं बी पाडलंत! पुन्ना हात लावू नका माज्या घराला!”

ते बोलणे मला इतके लागले, तर दिपकरावांना किती लागले असेल! पिऊने खेळ बंद केला आणि पुन्हा उघडला नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी करकरलो. दिपकराव आले होते. पहिला दिवस पाणी काढण्यातच गेला. ते दोनदा खड्ड्यात पडले. एकदा हातातल्या सगळ्या दगडांसकट श्वापदाच्या तोंडी गेले, चांगली कचकचीत शिवी दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पूर्वेची भिंत त्यांनी नव्याने उठवली. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, हा गवंड्याचा पहिला धडा. खेळात अर्धा दगड मिळत नाही, म्हणून त्यांनी काळे आणि पांढरे दगड आलटून पालटून लावले आणि निदान डोळ्यांना तरी सांधमोड दाखवली. दिवे सगळे छताजवळ लावले. हातात गवत धरून कुठून तरी लांबून एक करडू आणले. आठव्या दिवशी माझ्यावर एक पाटी लावली. ती लिहायला त्यांना अख्खी सकाळ लागली.

त्या संध्याकाळी ते म्हणाले, “पिऊ, एकदा घर बघून ये की.”

“मला न्हाय बघायचं.”

“बरं, ऱ्हाऊ दे. सवडीनं बघ.”

त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. पडून पडून पाठीला झालेल्या जखमेचे विष अंगात भिनले होते. दवाखान्यात नेले, ते परत आले नाहीत.

त्याला आता दीड वर्ष झाले. कुणी आले नाही तर आमच्याकडे वेळ पुढे सरकत नाही. करडू दीड वर्ष त्याच गवताला तोंड लावून उभे आहे. कोनाड्यातले फूल सुकलेले नाही. मोबाईल शालनबाईंकडे गेला, पण पिऊने आमचा खेळ उघडला नाही. एकदा तिची मैत्रीण रुपाली म्हणाली, “दाव की तुजं घर.” पिऊ म्हणाली, “ते पडलंय. मला बघवत न्हाय.”

ओरडून सांगावेसे वाटले, की अगं, पडलेले नाही! पण दरवाजाला करकरण्यापलीकडे काय येते? आणि त्यासाठीही कुणीतरी उघडावे लागते.

हल्ली मोबाईल सारखा अडकतो. कारखान्यातून आलेला फोन लागत नाही, आणि फोन लागला नाही तर शालनबाईंची कामाची पाळी दुसऱ्या बाईला जाते. दुरुस्तीवाला गुरु म्हणाला, “मावशी, सगळं पुसून कोरं करावं लागतंय. फोटो काढून देतो. खेळ काय ऱ्हात न्हाय.” आज सकाळी शालनबाई पिऊला म्हणाल्या, “दुपारी देऊन येऊ. तुजं काय असंल ते बघून घे.”

पिऊ आली. निरोप घ्यायलाच आली होती. पडलेल्या घराची तिने मनाची तयारी केली असावी. ती माझ्यासमोर थांबली आणि तिने पाटी वाचली.

“पिऊचं घर. दिवे वर लावलेत. पाणी मारलं नाही. तू म्हणशील तेव्हा मारू.”

मग हाक आली, “आई गं! पप्पांनी परत बांधलंय. समदं परत बांधलंय.”

शालनबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. त्यांनी पाटी दोनदा वाचली. “पाणी का न्हाय मारलं म्हनं त्यांनी?”

“मी हात लावू नका म्हणलं हुतं म्हणून.”

मग ती आत आली. करडाच्या पाठीवरून हात फिरवला, तिन्ही पलंग पाहिले, पेटीतली बादली घेतली. बाहेर जाताना तिने मला नीट लावून घेतले. बादली ओढ्यातून भरली आणि भिंतीवर ओतली. “मारते, पप्पा,” ती म्हणाली. एक भिंत झाली, दुसरी झाली, तिसरी झाली.

“चल गं, दुकान बंद हुईल,” शालनबाई डोळे पुसत म्हणाल्या.

“थांब की. पूर्वेची ऱ्हायलीया.”

मित्रांनो, पिऊने खेळ बंद केलेला नाही. आता मी शालनबाईंच्या पिशवीत आहे आणि आम्ही गुरुच्या दुकानाकडे निघालो आहोत. पाटीचा फोटो पिऊने काढून ठेवला आहे. त्यात मी अर्धाच आलोय, पण असू द्या. तुमच्यासाठी कुणी काही बांधले असेल आणि “एकदा बघून ये की” म्हणत असेल, तर राग उंबऱ्याबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी बघून या. दरवाजा उघडायला एक बोट पुरते. पिऊला दीड वर्ष लागले, आणि तोवर ज्यांना “मारा” म्हणायचे ते पप्पा उरले नव्हते.

मी घट्ट लावलेला आहे. आत एकही दिवा विझलेला नाही. बाहेर पूर्वेच्या भिंतीवरून पाणी अजून वाहते आहे.