एका दांडक्याचे दोन

“हा दांडका कुणाच्या हातात दिसतोय तुम्हाला?” वकीलबाई मिस अब्राहम्सनी फोटो सिरिलच्या सँडविचशेजारी ठेवला.

सिरिलने आधी तोंडातला घास संपवला. मग चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला.

“दोघांच्याही. म्हणजे कुणाच्याच नाही,” तो म्हणाला. “हे चित्र मी बनवलंय.”

मिस अब्राहम्स माझ्याकडे पाहायला लागल्या. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, असा चेहरा.

सिरिल हकस्टेपचं डोकं लंडनमधल्या बहुतेक डोक्यांपेक्षा ठिकाणावर होतं. सोहोमधल्या त्या खोलीत तो बावीस वर्षं बसला होता, मी त्याच्या शेजारच्या यंत्रावर नऊ. अमेरिकेतून आलेल्या टेप आमच्याकडच्या टीव्हीवर चालतील अशा करायच्या आणि आमच्या तिकडे चालतील अशा, एवढंच आमचं काम. त्यांच्याकडे सेकंदाला तीस चित्रं धावतात, आमच्याकडे पंचवीस. वरची पाच नुसती फेकून दिली तर चालणारा माणूस ठेचकाळल्यासारखा दिसतो. म्हणून यंत्र शेजारशेजारची दोन चित्रं एकमेकांत मिसळून त्यांचं एक करतं. काम चांगलं झालं तर कुणाच्याही लक्षात येत नाही. म्हणजे जन्मभर चांगलं काम करायचं आणि त्याबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. कार्यक्रमाच्या शेवटी केस विंचरणाऱ्याचंही नाव येतं. आमचं कधी आलं नाही.

फोटो बिस्किटाच्या कारखान्याच्या गेटवरचा होता. तिथे संप चालला होता. एका अमेरिकन चमूने पोलिसांची झोंबाझोंबी टिपली आणि ती टेप आमच्या बातम्यांत दाखवण्यासाठी सिरिलच्या हातून गेली. पोलिसांनी त्यातलं एक चित्र थांबवून फोटो काढला. भट्टीवर काम करणारा एव्हर्टन पिनॉक हात वर करून उभा, समोर पोलीस, आणि दोघांच्याही मुठीत दांडका. पोलिसावर हल्ला केला म्हणून पिनॉकवर खटला.

“तो म्हणतो, हातात काही नव्हतं, डोकं वाचवायला हात वर केला,” मिस अब्राहम्स म्हणाल्या. “मूळ टेप मागवली, तर अमेरिकेतून उत्तर आलं की तिच्यावर दुसरं काहीतरी भरलंय.”

“भरणारच. टेप महाग असते.” सिरिलने फोटो टेबलावर ठेवला. “खाली येणारा दांडका एका चित्रात इथे, पुढच्या चित्रात इथे, या माणसाच्या मुठीसमोर. यंत्राने दोन्ही एकत्र केली. पोलिसाची बाही काळी, मागची गर्दी काळी, म्हणून हात दोनदा दिसत नाही. दांडका मात्र पांढऱ्या गाडीसमोर आहे, तो दोनदा दिसतो.”

“हे कोर्टात सांगाल?”

“सांगून कोण ऐकणार? दाखवावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही ते केलं. खालच्या सायप्रसवाल्याच्या खानावळीतून सिरिल सूप वाढायचा डाव घेऊन आला. तपासणीसाठी अमेरिकन पद्धतीचा एक जुना कॅमेरा पडून होता, तो तिकाटण्यावर चढवला. भिंतीवर एक काळा पडदा टांगून त्याच्या वरच्या भागावर पांढरी चादर टाचली.

“नोरीन, तू पिनॉक. मूठ चादरीसमोर येऊ दे. आणि हलू नकोस.”

“आणि तू पोलीस? शोभतोस हं! पोट तेवढंच आहे.”

त्याने काळा कोट चढवला आणि डाव माझ्या मुठीसमोरून खाली फिरवला. अठ्ठावीस वेळा. एकदा माझ्या बोटांवर बसला तेव्हा मी त्याच्या आईचा उद्धार केला. मग टेप यंत्रातून फिरवून तो एकेक चित्र पुढे सरकवत बसला.

“हे बघ.”

टीव्हीच्या पडद्यावर मी उभी होते आणि माझ्या रिकाम्या मुठीत डाव होता. बोटं अजून ठणकत होती म्हणून, नाहीतर मूठ रिकामी होती हे मीही शपथेवर सांगितलं नसतं.

लॅसेल्स साहेब तेवढ्यात आत आले. कंपनी त्यांची. त्यांनी डाव पाहिला, चादर पाहिली, पडदा पाहिला. ओरडले नाहीत. असली माणसं ओरडत नाहीत.

“सिरिल, तू कोर्टात जाऊन सांगणार की आपल्या टेपमध्ये न घडलेलं दिसतं? मग आपल्याकडे कोण येईल?”

“सगळ्यांच्याच टेपमध्ये दिसतं, साहेब. सगळ्यांची यंत्रं तशीच आहेत.”

“पण सांगणारा तूच आहेस.”

“तो माणूस आत जाईल, साहेब.”

“तो तुझा कोण?”

सिरिलने यावर बराच विचार केला. “कुणी नाही,” म्हणाला, आणि डाव परत करायला खाली गेला.

कोर्टात मी सुट्टी टाकून गेले. आधी पोलीस उभा राहिला. दांडका पिनॉकच्या हातात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, म्हणाला. मिस अब्राहम्सनी झोंबाझोंबीच्या दिवशीच लिहिलेली त्याची वही वाचायला लावली. वहीत दांडका नव्हता. दांडका आला होता फोटो पाहिल्यावर. तो खोटं बोलत होता असंही मला वाटलं नाही. त्याला आता खरंच तसं आठवत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मग सिरिल. माझा डाववाला फोटो पाहून मॅजिस्ट्रेटच्या ओठांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं.

“म्हणजे तुमच्या यंत्रात दोष आहे?”

“नाही साहेब. यंत्र तेच करतं. हालचाल वेगाची असली की मिसळण कमी करायची असते, ती हाताने लावावी लागते. सहाच्या बातम्यांना टेप हवी होती. मी ती न लावता तशीच सोडली. दोष माझा.”

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या खोलीतली प्रत्येक बातमी तशीच सुटायची, आणि ती तशी सोडा असं सांगणारे लॅसेल्स मागच्या बाकावर हातमोजे चाळवत बसले होते.

मिस अब्राहम्स पुढे सरसावल्या. “म्हणजे मिस्टर हकस्टेप, पिनॉक यांचा हात रिकामा होता?”

हो म्हण, मी मनात म्हटलं. एकच अक्षर आहे, गाढवा.

“ते मला ठाऊक नाही,” सिरिल म्हणाला. “मी तिथे नव्हतो. मला एवढंच ठाऊक आहे की हे चित्र कॅमेऱ्याने काढलेलं नाही. असा क्षण त्या गेटवर आलाच नाही. यावरून कुणाच्या हातात काय होतं ते कळणार नाही. मलाही नाही, तुम्हालाही नाही.”

पिनॉकने डोळे मिटून घेतले. मिस अब्राहम्स खाली बसल्या.

मॅजिस्ट्रेटनी दोन ओळी लिहिल्या. मग त्यांनी फोटो पुराव्यातून काढला, वही पुन्हा एकदा मागवून पाहिली आणि खटला काढून टाकला. पाच मिनिटांत सगळं संपलं.

बाहेर पायऱ्यांवर पिनॉकने सिरिलला गाठलं. हा दांडगा माणूस, भट्टीच्या धगीने भुवया विरळ झालेला.

“एक शब्द जास्त बोलला असतास तर काय मेला असतास का रे, म्हाताऱ्या?”

“पोलिसांच्या वकिलाने लगेच विचारलं असतं, तुम्ही तिथे होतात का. मग माझी बाकीची साक्षही गेली असती.”

पिनॉकने दोन्ही पंजे त्याच्यासमोर उघडे धरले. “काही नव्हतं माझ्या हातात.”

“असेल.”

“असेल नाही. नव्हतं.”

“बरं,” सिरिल म्हणाला. “तू तिथे होतास.”

पिनॉक हसला. इतका मोठ्याने की दारावरचा शिपाई वळला. कारखान्याने त्याला केव्हाच काढून टाकलं होतं. तो बस पकडायला गेला.

सोमवारी लॅसेल्सनी सिरिलला बोलावलं. काम नीट केलं नाही असं त्याने भर कोर्टात कबूल केलं, असं हातात ठेवलेल्या कागदावर लिहिलं होतं. नोकरी गेली नाही. त्याला तळघरात टेपांची पार्सलं बांधायला बसवलं, आणि यंत्राच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असं बजावलं.

तीन आठवड्यांनी न्यूयॉर्कहून बर्फावरच्या नाचाची टेप आली. मी मिसळण कमी-जास्त करायच्या तिन्ही चकत्या फिरवून थकले, पण गिरकी घेताना नाचणाऱ्या मुलीला तीन पाय फुटत होते. शेवटी मी खाली फोन केला.

सिरिल वर आला. हातात सुतळीचं रीळ. दारात धातूची पट्टी आहे, तिला बुटांची टोकं टेकवून तो थांबला.

“ये ना आत. साहेब जेवायला गेलेत.”

“मधली चकती,” तो तिथूनच म्हणाला. “डावीकडे. अजून. केसाएवढी अजून.”

मुलीने गिरकी घेतली. दोन पाय.

“सोड आता,” तो म्हणाला. पण गेला नाही. नाच संपेपर्यंत तिथेच उभा राहिला, पट्टीच्या पलीकडे.