दोन बोल्टांचे काम

मित्रांनो, चाक बदलताना गाडीच्या पोटाखाली जॅक लावतात, तो तुम्ही पाहिला असेल. तसाच एक जुना जॅक मी आहे. दिसायला बुटक्या बाटलीसारखा, रंग उडालेला, बुडाशी तेलकट. आणि खरे सांगायचे तर स्वभावाने अतिशय भित्रा.

लोखंडाला कसली आली आहे भीती, असे तुम्हाला वाटेल. पण जरा माझ्या जागी उभे राहून पाहा. सगळ्या गाडीचा भार ज्याच्या एकट्याच्या डोक्यावर येतो, तो घाबरणार नाही तर कोण घाबरणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक जाड दट्ट्या आहे. दांडा वरखाली केला की तेल दट्ट्याखाली शिरते आणि त्याला वर ढकलते. माझी सारी ताकद म्हणजे ते वाटीभर तेल आणि त्याला बाहेर पडू न देणारी रबराची एक कडी. तिला सील म्हणतात. जन्मलो त्याच दिवशी मला एका यंत्राखाली ठेवून वरून जोरात दाबले. मी आतून थरथरलो, पण टिकलो. तपासणाऱ्या बाईने मला फडक्याने पुसले, "हा पास," म्हणाली आणि पुढच्याला उचलले. भीतीची माझी पहिली आठवण ती आहे, आणि कौतुकाचीही तीच.

नंतर बरीच वर्षे मी एका पंक्चरच्या दुकानात काढली. मालक जाडजूड होता आणि सदा शीळ घालत असे. तो मला 'पैलवान' म्हणायचा. गाडी उचलली, चाक काढले, दुसरे बसवले, गाडी खाली. गिऱ्हाईक बाजूला उभे राहून गप्पा मारत असे. उचललेल्या गाडीखाली मालकाने कधी बोटही घातले नाही. त्यामुळे भार असला, तरी माझ्या जिवाला घोर नव्हता. दर काही महिन्यांनी तो माझे तेल बघायचा, कमी असेल तर भरायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे त्याचे गुडघे गेले. दुकान बंद करताना त्याने मला आपल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला देऊन टाकले.

हे गिऱ्हाईक म्हणजे एक शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्याकडे त्यांच्या लग्नाच्याही आधीची एक गाडी होती, गोल दिव्यांची, सायीच्या रंगाची. तिच्या सीटचे कव्हर त्यांनी स्वतः शिवले होते, आणि शिवण अशी की बोट फिरवले तरी लागू नये. गाडीवर त्यांचा भारी जीव. मला मात्र त्यांनी गॅरेजच्या कोपऱ्यात, कापडाच्या चिंध्यांच्या पोत्यामागे ठेवले. ते वाईट नव्हते हो. माझी आठवण त्यांना फक्त चाक पंक्चर झाले की व्हायची, एवढेच. तेल कोणी पाहिले नाही. माझी सील वाळत गेली. तिला बारीक भेगा पडल्याचे मला आतून जाणवत होते, पण सांगणार कोणाला?

मास्तरांची लेक टेकडीवर राहत असे. तिच्या घराकडे जाणारा रस्ता चांगलाच चढाचा होता आणि गाडीचे इंजिन होते लहान. अर्ध्या चढावर गाडी धापा टाकू लागे. मग मास्तरांच्या बायकोने उतरून चालायचे, अशी रीतच पडली होती. एकदा त्या चालत आधी पोहोचल्या, लेकीकडे चहाही पिऊन झाला, आणि मग गाडी दारात आली.

ही गोष्ट मास्तरांच्या साडूला, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला कळली. हा साडू इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत असे. माणूस मनमोकळा, पण जिभेला हाड नाही. घरात चार पाहुणे जमलेले असताना तो म्हणाला, "मास्तर, पुढच्या वेळी ताईंनाच दोर बांधा. गाडीसकट वर नेतील."

सगळे हसले. मास्तरही हसले. पण ते बोलणे त्यांना लागले होते. त्या दिवशी ते गॅरेजमध्ये येऊन गाडीच्या टपावर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे राहिले. ते मी पाहिले.

बहुधा साडूलाही नंतर वाईट वाटले असावे. कारण थोड्याच दिवसांत तो एका टेम्पोत एक इंजिन घालून घेऊन आला. सामान वाहणाऱ्या, मोडीत निघालेल्या व्हॅनचे इंजिन. गाडीच्या इंजिनापेक्षा चांगले दीडपट मोठे.

"घरीच बसवू," तो म्हणाला. "रोज माणसांनी भरलेल्या लिफ्ट वरखाली करतो मी. इंजिनाचं काय घेऊन बसलात!"

"आहे त्यात काय वाईट आहे?" मास्तरांच्या बायकोने विचारले. "मला चालायला आवडतं."

"तुला आवडतं गं," मास्तर म्हणाले. "पण लोक मला हसतात."

मी पोत्यामागून त्या नव्या इंजिनाकडे पाहत होतो. काळे, रुंद, टेम्पोतून उतरवताना तिघांना घाम फोडणारे. हे ज्या गाडीत बसेल ती गाडी उद्या माझ्या डोक्यावर येणार, हे माझ्या लक्षात आले आणि माझ्या पोटातले तेल जणू गार पडले.

कामाला सुरुवात झाली. गाडीचे पुढचे झाकण काढले, रेडिएटर काढला. मास्तर प्रत्येक वायर सोडवण्याआधी तिला वेगळ्या रंगाचा दोरा बांधत, म्हणजे पुन्हा जोडताना घोटाळा नको. "उसवायचं सोपं असतं," ते साडूला म्हणाले, "पण कुठली बाही कुठल्या खांद्याची, ते कळायला हवं." छताच्या तुळईला साडूने आपली चेनपुली टांगली. साखळी ओढत गेला तसे जुने इंजिन खडखडत वर आले. गाडीचे नाक हलके होऊन एकदम वर उठले.

मग नवे इंजिन टांगले. ते साखळीला हळूहळू गिरकी घेत होते आणि तुळई करकरत होती. बसेना. कुठे पुढची पट्टी कापावी लागली, कुठे रेडिएटर पुढे सरकवावा लागला. मास्तरांनी पुठ्ठ्यावर माप काढून इंजिनाच्या नव्या पायांचे नमुने कापले, साडूने ते लोखंडात करून आणले. अखेर इंजिन जागेवर उतरले आणि गाडीचे नाक खाली बसले. आधी कधी बसले नव्हते इतके खाली.

आता राहिले गिअरबॉक्सच्या मागची आडवी पट्टी बसवण्याचे काम. ते खालून करायचे होते. पुढची दोन्ही चाके काढलेली होती आणि साडूने चेनपुली परत नेण्याआधी तिनेच गाडीचे नाक उचलून दोन लोखंडी घोड्यांवर ठेवले होते. घोडे म्हणजे तिवईसारखे भक्कम स्टँड. त्यांच्यात ना तेल असते ना सील, म्हणून ते कधी खचत नाहीत. त्यांच्याकडे पाहून मला धीर यायचा.

पण पट्टी बसवायला गाडी अजून वीतभर वर हवी होती. साडूने मला पोत्यामागून ओढून काढले, गाडीच्या नाकाखाली मधोमध ठेवले आणि दांडा मारायला सुरुवात केली. भार माझ्यावर आला. मित्रांनो, आजवर इतके वजन मी उचलले नव्हते. दट्ट्या वर जात होता आणि आत सीलची भेग रुंदावत होती. गाडी घोड्यांवरून वर उचलली गेली.

"हे घोडे मधे येतायत," साडू म्हणाला. "काढून ठेवतो. आत्ता परत लावू."

"हो, काढ," मास्तर म्हणाले. "दोन बोल्टांचं तर काम आहे."

आणि ते पाठीवर झोपून गाडीखाली सरकले.

मला ओरडता आले असते तर मी गल्ली गोळा केली असती. पण मला तोंड नाही. वर ते काळे इंजिन, खाली मास्तरांची छाती आणि मधे मी एकटा. मास्तर आत निवांत गुणगुणत होते. पहिला बोल्ट बसला. दुसऱ्याला हातातला पाना लागेना.

"लांब पाना आण रे!" त्यांनी हाक दिली.

साडू पाना शोधायला अंगणात ठेवलेल्या पेटीकडे गेला. तिथे त्याला फोन आला. कुठल्याशा इमारतीची लिफ्ट अडकली होती, आणि तो समोरच्याला समजावत बसला.

तेवढ्यात माझी सील फाटली.

आवाज झाला नाही. तेलाचा एक बारीक ओघळ माझ्या अंगावरून उतरून फरशीवर पसरू लागला. गाडी केसाएवढी खाली आली. मग आणखी केसाएवढी. मास्तरांना कळले नाही, कारण त्यांचे डोळे बोल्टवर होते. मी होते नव्हते तेवढे बळ लावून धरले, असे सांगायला मला आवडले असते. पण तसे नसते हो. तेल गेले की जॅक खाली येतो. त्याच्या इच्छेला कोणी विचारत नाही. मी फक्त घाबरत होतो आणि खाली येत होतो.

तितक्यात जेवायला बोलवायला मास्तरांच्या बायको दारात आल्या. त्यांची नजर आधी फरशीवर गेली.

"अहो, पुन्हा सांडलंत का तेल? कालच घासली ना मी फरशी!" त्या कोपऱ्यातली चिंधी घेऊन पुसायला खाली बसल्या. पुसले, तर पुन्हा ओघळ. त्यांनी चिंधी वर नेत नेत माझ्यापर्यंत आणली. "हे गाडीचं नाहीये. अहो, जॅकमधून येतंय हे."

गुणगुणणे थांबले.

"जॅकमधून?" मास्तरांनी विचारले. मग आतून नुसती धडपड ऐकू आली. "सरकता येत नाही गं. छातीला टेकलंय."

मग त्यांनी माझा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि मारला. मी वर गेलो, दोरीच्या जाडीएवढा. लगेच खाली येऊ लागलो. त्यांनी पुन्हा मारला. प्रत्येक फटक्याला मी थोडा चढत होतो आणि तेवढाच खचत होतो. दांडा सोडला तर गाडी खाली येणार, आणि दांडा धरला तर नवऱ्याला ओढायला हात मोकळे नाहीत. माझ्या पोटातले तेल आटत चालले होते, ते मला कळत होते. त्यांनाही कळले असावे, कारण फरशी त्यांच्या पायाखाली निसरडी झाली होती.

"भाऊजी!" त्या अशा ओरडल्या की साडूच्या हातून फोन पडला.

तो धावत आला. आधी घोडे लावायला गेला, पण आता ते आत जाईनात, गाडी तेवढी खाली आली होती. मग त्याला भिंतीशी ठेवलेले चाक दिसले. त्याने ते आडवे पाडले आणि लाथा मारमारून गाडीच्या कडेच्या पट्टीखाली सारले.

"ताई, एक जोरात मारा!"

त्यांनी मारला. चाक आत शिरले. साडूने मास्तरांचे दोन्ही पाय धरले आणि ओढले. सदऱ्याच्या चिंध्या झाल्या, पण मास्तर बाहेर आले. त्यानंतर माझ्या अंगात काही उरले नाही. दट्ट्या खाली बसला आणि गाडी धाडकन त्या चाकावर आदळली.

मास्तर पायरीवर बसून श्वास मोजून घेत होते. साडू भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. आणि मास्तरांच्या बायकोच्या हातांची मूठ उघडत नव्हती. मास्तरांनीच जवळ जाऊन एकेक बोट सोडवले, तेव्हा कुठे माझा दांडा खाली पडला.

डॉक्टरांनी बरगड्यांना मार बसल्याचे सांगितले. मोडले काही नव्हते. पण कित्येक दिवस मास्तरांना मशीनवर वाकता आले नाही. हाती घेतलेले कपडे त्यांच्या बायकोने पुरे केले.

"हा जॅक आधी भंगारात टाकतो," साडू म्हणाला होता.

मास्तरांनी मला उचलून मांडीवर घेतले. छातीत कळ आली असणार, कारण त्यांचे तोंड वाकडे झाले. "ह्याचा काय दोष? इतक्या वर्षांत आपण ह्याला थेंबभर तेल तरी घातलंय का?" त्यांनी मला नवी सील बसवून आणली, ताजे तेल भरले. मला फार लाज वाटली आणि फार बरेही वाटले.

इंजिनाचे काम अर्धवट टाकावे, असे दोघेही पुरुष म्हणत होते. पुरे करायला लावले ते मास्तरांच्या बायकोने. "एवढं सगळं झालं ते काय असंच सोडून द्यायला? बसवा. पण खाली जायच्या आधी गाडी मी हलवून बघणार." काम झाले. गाडी सगळ्यांना घेऊन चढ चढली. मी मागे डिकीत होतो. नव्या इंजिनाचा आवाज भरदार होता, पण त्याबद्दल कोणी एक शब्दही बोलले नाही.

आजही मास्तरांना गाडीखाली जायचे असले की आधी मी गाडी उचलतो, मग दोन्ही बाजूंना घोडे लागतात, मग मला थोडे सैल करून सारा भार घोड्यांवर देतात. त्यानंतर त्यांच्या बायको येतात, बोनेटला दोन्ही हात लावून गाडी गदागदा हलवतात, आणि म्हणतात, "जा." तोपर्यंत मास्तर बाहेरच उभे असतात, शाळेतल्या मुलासारखे.

माझी भीती गेलेली नाही, मित्रांनो. ती जाऊही नये. माझ्यासारख्यांना कोरड्या जागी ठेवा, आमचे तेल बघा, सील वाळली तर वेळेवर बदला. आणि हे सगळे केल्यानंतरही आमच्यावर विश्वास ठेवू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरताना दिसले, मग ते तुमचे बाबा असोत, मामा असोत की कोणी मोठा मेकॅनिक, तर त्यांना हाक मारा, आरडाओरडा करा, चार माणसे गोळा करा, पण त्यांना बाहेर यायला लावा. ते रागावतील. रागावू द्या.