चाखायचे चमचे

तिसरा रिपोर्ट आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आमच्या ह्यांना विचारलं, "बाहेरचं काही खाता का?"

"नाही," हे म्हणाले.

"कधीतरी? एखादं पाकीट, काही तळलेलं?"

"नाही म्हटलं ना."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्याला विचारून झालं की बायकोकडे बघतात ते साक्ष काढायलाच. मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"हे बघा, एक महिना देते," त्या म्हणाल्या. "मीठ खरंच कमी झालं तर किडन्या अजून सावरतील. नाही सावरल्या तर पुढच्या वेळी आपल्याला मशीनबद्दल बोलावं लागेल."

मशीन म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. त्याच मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत ते चालायचं. आठवड्यातून तीनदा सुया टोचून घ्यायच्या आणि चार-चार तास रक्त धुवून घेत पडून राहायचं. त्या खोलीसमोरून जाताना आमचे हे नेहमी दुसऱ्या बाजूच्या भिंतीवरचे फलक वाचतात. आता तर त्यांना ते पाठ झाले असतील.

बसस्टॉपपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. माझा राग असाच आहे, आधी मुका असतो.

सात महिन्यांपूर्वी ह्यांच्या वाढलेल्या ब्लडप्रेशरनं किडन्यांना हात घातला तेव्हा कागदावर लिहून मिळालं होतं: मीठ दिवसाला अर्धा छोटा चमचा, सगळं मिळून. खारवलेलं बंद, पाकिटातलं बंद, डब्यातलं बंद. मी कपडे दुरुस्त करते. पँटी आखूड करणं, बाह्या सैल करणं, चेन बदलणं. माप हाच माझा धंदा. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान घेतलं, अर्धा चमचा मीठ त्यात ओतून बघितलं, तर बरोब्बर काठोकाठ. त्या दिवसापासून रोज सकाळी अंगुस्तानभर मीठ वाटीत काढायचं आणि त्यातच ह्यांचा दिवस काढायचा. नाश्ता, दुपारचा डबा, रात्रीचं जेवण. वर एक कण नाही.

आणि हे कोण, तर एका मोठ्या कचेरीच्या कॅन्टीनचे मुख्य स्वयंपाकी. एकतीस वर्षं. दुपारी चारशे माणसं जेवतात. तिथं ह्यांना सगळे उस्ताद म्हणतात, आणि उस्तादांना ते आवडतं. मीठ मोजून घालणाऱ्या स्वयंपाक्याला हे कंपाउंडर म्हणतात. आता घरीच कंपाउंडर बसली होती.

घरात मी एकच भांडं चढवत होते, ह्यांच्या मापाचं. माझ्या ताटाशेजारी मात्र मिठाची डबी असायची, भोकांच्या झाकणाची. जेवायला बसलं की मी ती माझ्या ताटावर दोनदा झटकायची आणि म्हणायची, "मी माझं वरून घेते."

तर त्या दिवशी घरी येऊन चप्पल काढली आणि माझं तोंड सुटलं.

"मी इथं कण कण मोजत बसते आणि तुम्ही तिकडं मजा मारता."

"मी कॅन्टीनचा एक घास खाल्लेला नाही."

"मग रिपोर्ट खोटा का?"

"ते मला काय माहीत."

"रिपोर्ट खोटा नसतो हो. माणूस खोटा असतो. तुम्ही माझ्याशी खोटं बोलता."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना बरंच काही म्हणालो होतो, पण हे नव्हतं म्हटलं. ह्यांनी खुर्ची उचलली, गॅलरीत नेऊन ठेवली आणि पाठ करून बसले. दुसऱ्या दिवसापासून कामावरून आले की रिकामा डबा उघडून माझ्या शिवणाच्या मशीनवर ठेवायचे. शेवटच्या शितापर्यंत खाल्लेला, धुतलेला. मी बघितला की बंद करायचे. चार दिवस असं चाललं. मी पण काय कमी आहे, ह्यांच्या पँटीचे खिसे तपासले. बसची तिकिटं आणि दोन सुटी बटणं मिळाली.

पाचव्या दिवशी कॅन्टीनचे ॲप्रन द्यायचे होते. ते मीच शिवते. एरवी गेटवर गठ्ठा ठेवून परत येते. त्या दिवशी मुद्दाम साडेअकराला गेले आणि आत गेले. खोटं कशाला सांगू, मला ह्यांना रंगेहाथ पकडायचं होतं.

भांडी घासायच्या खोलीच्या खिडकीतून स्वयंपाकघर दिसतं. तिथं मावशी उभ्या होत्या. ह्या अकरा वर्षं तिथं भांडी घासतात, फार बोलत नाहीत. मी ॲप्रनचा गठ्ठा खाली ठेवला आणि खिडकीशी उभी राहिले.

आमचे हे एका पातेल्याकडून दुसऱ्याकडे जात होते. छोटा चमचा बुडवायचा, फुंकर घालायची, तोंडात घालायचा, क्षणभर डोळे मिटायचे. मग चमचा डब्यात टाकायचा आणि पुढं जायचं. चिमूट टाकायची, ढवळायचं, नवा चमचा घ्यायचा. मी पाहतच राहिले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी मी ह्यांना कामावर कधी बघितलंच नव्हतं. छान दिसत होते.

तेवढ्यात मावशींनी माझ्याशेजारी चमच्यांचा डबा पालथा केला. खळखळ आवाज झाला.

"एवढे छोटे चमचे?" मी विचारलं. "पाहुणे आले होते का चहाला?"

"पाहुणे कुठले वहिनी. उस्तादांचे चाखायचे. तोंडात गेलेला चमचा परत भांड्यात जायचा नाही, त्यांचा कायदाच आहे. हा सकाळपासूनचा दुसरा डबा."

"रोज एवढे?"

"आज कमीच आहेत. रस्सा असला की साठाच्या वर जातात."

मी मोजले. त्या एका डब्यात चौतीस होते. मी बटाट्याच्या पोत्यावर बसले.

माझा नवरा खोटं बोलत नव्हता. चाखणं त्यांच्या लेखी खाणं नव्हतंच. मी दिवसभर लोकांच्या पँटी हाताळते म्हणून मी पँटी घातल्या असं कुणी म्हणतं का? तसंच ते. आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. मला इतकी लाज वाटली की ह्यांना हाक न मारताच परत आले.

संध्याकाळी हे आले, डबा उघडून मशीनवर ठेवला. मी तो बाजूला केला.

"अहो, चाखलेलं तुम्ही गिळता ना?"

"मग काय थुंकू? चारशे माणसांच्या अन्नासमोर?"

"दिवसात किती वेळा चाखता?"

"दोन-चारदा."

"साठदा. मी चमचे मोजून आले."

ह्यांनी डबा उचलून त्याला झाकण लावलं. मग म्हणाले, "पण ते खाणं नव्हे."

"हे किडन्यांना कोण सांगणार?"

ऐकून मान्य करतील तर ते आमचे हे कसले. म्हणून मी एक झाकणाचा स्टीलचा डबा दिला. सांगितलं, उद्या एक चमचा तोंडात घालाल तेव्हा तेवढाच दुसरा ह्या डब्यात टाका. बाकी काही करू नका.

दुसऱ्या दिवशी आले ते डबा हातात धरूनच. टेबलावर ठेवला आणि स्वतःच झाकण काढलं. सूप, रस्सा, भाजीचं पाणी सगळं एक झालेलं, वर तेलाचा तवंग. डबा काठोकाठ भरला होता.

"हा एक वाजताच भरला," हे म्हणाले. "पुढचे चमचे ह्यात नाहीत."

आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत बसलो.

"एवढं तर मी डब्यातलं पण जेवत नाही गं," ते हळूच म्हणाले.

"मी तुम्हाला खोटं म्हटलं. चुकलं माझं."

ह्यांनी हात हलवला, जाऊ दे म्हणून. त्यांचं लक्ष दुसरीकडंच होतं. "चाखायचं नाही तर मग मी करू काय? हातानं मीठ पडतं, पण बरोबर पडलं की नाही ते कळणार कसं? दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. त्याआधी एका दुपारी चारशे जणांनी ताटं बाजूला सारली तर? उस्ताद संपला म्हणतील." असं बोलताना मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं. ह्यांना भीती वाटत होती, मशीनची वाटत होती तेवढीच.

"मी येते ना रोज दोन तास," मी म्हटलं. "मी चाखेन, तुम्हाला सांगेन. माझं शिवण दुपारी करीन."

आठवडाभरात पहिल्यांदा हे हसले. "कापडवाली माझं मीठ तपासणार. बरं, परीक्षा देऊन दाखव." त्यांनी चमचा घेतला, त्या डब्यात बुडवला आणि माझ्यापुढं धरला. "सांग, कसं आहे?"

मी तोंडात घेतलं आणि माझा चेहरा वाकडा झाला. गिळेपर्यंत घसा चरचरला.

"खारट," मी म्हटलं. "केवढं खारट आहे हो."

"खारट? आज चारशे माणसांनी बोटं चाटून खाल्लंय हे."

"मला तर फार लागतंय."

हे माझ्याकडे बघत राहिले. ज्याचा सगळा जन्म लोकांच्या जिभा ओळखण्यात गेला, त्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार. त्यांनी टेबलावरची माझी मिठाची डबी उचलली, तळहातावर झटकली. काही पडलं नाही. झाकण फिरवून काढलं. आत स्वच्छ धुतलेली डबी.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच." मला त्यांच्याकडे बघवेना. "तुमच्यासमोर बसून चवीचं खायचं, ते माझ्या घशाखाली उतरेना. आणि मी अळणी खाते हे तुम्हाला कळलं असतं तर तुमच्या घशाखाली उतरलं नसतं. म्हणून नुसती हलवायची."

"मी रोज बघायचो," ते म्हणाले. "तू डबी झटकायचीस ना, मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, हिला तरी चव लागतेय."

मग मात्र मला रडू आवरलं नाही. ह्यांना खोटं म्हणणारी मी, आणि घरात सात महिने खोटं वागत होते ती मीच. ह्यांनी समजूत वगैरे घातली नाही. उठून फळीवरचा मिठाचा डबा काढला, माझी डबी भरली आणि माझ्या ताटाच्या जागी ठेवली.

"डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्या नावाचा दिलाय," ते म्हणाले. "तुझ्या नाही."

परीक्षेत तर मी नापास झाले होते. मग कॅन्टीनमध्ये चाखणार कोण, तर मावशी. हे त्यांना पहिल्या दिवशी भांड्यांजवळून बोलवायला गेले तेव्हा त्यांना वाटलं काही चुकलंच. पहिला चमचा तोंडात घालून त्या म्हणाल्या, "चांगलंय." उस्ताद म्हणाले, "चांगलं नको मावशी. कमी की जास्त, तेवढंच सांगा." मावशींनी खाली बघत सांगितलं, "रश्श्यात कमी आहे." हे मला घरी येऊन सांगत होते आणि रागानं लाल झाले होते. आठवडाभर रोज एक तक्रार. दुसऱ्या आठवड्यात तक्रार बदलली. "बाईची जीभ माझ्याइतकी तयार आहे," हे म्हणाले. "आणि अकरा वर्षं मी तिला चमचे घासायला लावले." एकाही ताटाची तक्रार आली नव्हती.

महिना झाला. रिपोर्ट आला. आकडा खाली आला होता, फार नाही, पण आला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "आता तीन महिन्यांनी या." मशीनचं नाव त्यांनी काढलं नाही. बाहेर येताना आमचे हे त्या कोपऱ्यातल्या खोलीसमोरून सरळ बघत चालले, फलक न वाचता.

त्या रविवारी हे म्हणाले, आज स्वयंपाक माझा. ओट्यावर दोन भांडी चढली. मोठ्यात ह्यांची भाजी, वाटीतलं मीठ मोजून. छोट्यात माझी. माझ्या भांड्यात ह्यांनी डब्यातून चिमूट उचलून टाकली, न मोजता, मनगटाला तो झटका देऊन. ढवळलं. सवयीनं छोटा चमचा बुडवला, फुंकर घातली आणि तोंडाजवळ नेला.

तिथं थांबले. मग चमचा फिरवून माझ्यापुढं धरला.

"सांग."

महिनाभर डबी भरलेली होती, माझी जीभ आता ठिकाणावर आली होती. मी चाखलं. खरं सांगायला मला धीर गोळा करावा लागला, कारण एकतीस वर्षांत ह्यांना हे घरच्या कुणी सांगितलं नव्हतं.

"थोडं कमी आहे."

ह्यांनी वाद घातला नाही. आणखी एक चिमूट टाकली, ढवळलं, आणि माझ्यासाठी फळीवरून नवा चमचा काढला.